नफ्याची नीती शिकवणाऱ्या पुस्तकात जात का नाही?

पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक वाट घाट चढून पुण्याला जाते, दुसरी पेण-माणगाव करत महाडला. १९ मार्चची रात्र ज्यांनी या फाट्यावर काढली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. निळे झेंडे लावलेल्या गाड्या, टेम्पोत दाटीवाटीने बसलेल्या आयाबाया, चहाच्या टपरीवर जय भीमचा गजर, आणि महाडपर्यंत खड्डे किती याची चर्चा. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. त्यानंतर एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली, न्यायालयाने सरकारला कितीदा फटकारले, पण त्या रस्त्याने जाताना कंबर धरूनच बसावे लागले. कंत्राट, मुदतवाढ, नवे कंत्राट. व्यवसायातल्या नीतीवर बोलायचे तर सुरुवात फाट्यावरून उठून चार पावले चालले तरी करता येते. पण आम्हाला आज रस्त्याबद्दल बोलायचे नाही.

आमचे अभ्यासमंडळ रविवारी संध्याकाळी विहारात बसते. आठ-दहा जण असतात, परीक्षेच्या दिवसांत चार. गेल्या महिन्यात मंडळात एक वेगळेच पुस्तक आले. आमच्यातली एक मुलगी एमबीए करते आहे. घराण्यातली पदवीच्या पुढे गेलेली पहिलीच. तिला एक पेपर आहे, व्यवसायातील नीतिमूल्ये आणि नैतिक निर्णयप्रक्रिया. ती म्हणाली, "दादा, पाठ करून पास होईन मी. पण एवढ्या जाड पुस्तकात आपल्या वस्तीतलं कुणी कुठंच नाही." आम्ही म्हटले, आण ते पुस्तक. चार रविवार आम्ही ते वाचले. या लेखात जे आहे ते त्या चार रविवारांतून आले आहे.

पुस्तक वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाचण्यासारखे पुष्कळ आहे. फोर्ड कंपनीची पिंटो गाडी आहे, मागून धडक बसली की पेट घेणारी, आणि माणसाच्या जिवाची किंमत सुमारे दोन लाख डॉलर धरून मांडलेला तो कुप्रसिद्ध हिशेब आहे. एन्रॉन आहे, ज्या कंपनीला आमचे दाभोळ चांगले ओळखते. १९८४ चे भोपाळ आहे. २००९ साली स्वतःच्याच पत्राने उघडा पडलेला सत्यमचा घोटाळा आहे. मग निर्णय कसा घ्यावा याच्या पायऱ्या आहेत. प्रश्न ओळखा, कुणाकुणाचे हित त्यात अडकले आहे त्याची यादी करा, पर्याय मांडा, प्रत्येक पर्यायाचे परिणाम तपासा, आणि शेवटी स्वतःला विचारा की हा निर्णय उद्या वर्तमानपत्रात छापून आला तर मला लाज वाटेल का. ही शेवटची कसोटी वाचून मंडळात हशा पिकला. या देशात काय काय छापून येते आणि कुणालाही लाज वाटत नाही!

पण हसण्यावारी नेण्यासारखे हे नाही. आमचा खरा आक्षेप पुस्तकाच्या मुळाशी आहे. या सगळ्या विद्येचा एक पाया आहे, तो असा की व्यापाऱ्याला नफा हवा असतो, आणि नीती त्या नफ्याला लगाम घालते. एका पारड्यात पैसा, दुसऱ्या पारड्यात सचोटी. विद्यार्थ्याने या दोहोंचा तोल साधायला शिकायचे. युरोप-अमेरिकेत हे चित्र पुरेसे असेल नसेल, तो त्यांचा प्रश्न. आमच्या देशात हे चित्र अर्धे खोटे आहे. कारण इथल्या व्यापाऱ्याने नफ्यावर पाणी सोडलेले आम्ही पाहिले आहे. सचोटीसाठी नव्हे, जातीसाठी.

हे आम्ही हवेत बोलत नाही. याच रस्त्याने महाडला चला.

मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला हजारो माणसे जमली. तळे समोर आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला आहे, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला आहे. तरीही परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे पाणी, आणि तेही स्पृश्यांकडून. म्हणजे मार्चमध्ये महाडला आमच्याशी व्यापार चालत होता. पैसे द्या, पाणी घ्या. त्यानंतर २० तारखेला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळ भरली, आणि पुढचा हल्ला, पुढचे शेणगोमूत्राचे शुद्धीकरण सगळ्यांना माहीत आहे.

आता डिसेंबर १९२७. त्याच गावात दुसरी परिषद. मांडवाला जागा हिंदूंपैकी कुणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. आणि महाडच्या व्यापाऱ्यांनी शिधा विकायला नकार दिला. धान्य बाहेरगावाहून आणावे लागले. जरा त्या दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून विचार करा. हजारो माणसे येणार, दोन-तीन दिवस राहणार, रोख पैसे मोजणार. वर्षात असे गिऱ्हाईक कितीदा येते? कोणत्याही वाण्याने रात्रभर पोती उतरवून घेतली असती. हा म्हणाला, विकणार नाही.

मार्च आणि डिसेंबर यांच्यामध्ये काय बदलले? डाळ तीच, तांदूळ तोच, रुपयाही राणीच्या नातवाच्या छापाचा तोच. मार्चमध्ये आम्ही गरजू होतो, मिळेल त्या भावात पाणी घेत होतो. डिसेंबरमध्ये आम्ही हक्क सांगणारी माणसे झालो होतो. गरजूला माल विकायला जातीची हरकत नाही. बरोबरीचा झालेला गिऱ्हाईक मात्र चालत नाही, त्याचा पैसाही चालत नाही. आमच्या मते भारतातल्या व्यवसायनीतीचा पहिला धडा हा आहे, आणि तो कोणत्याही एमबीएच्या पुस्तकात नाही.

एकच उदाहरण म्हणून कुणी सोडून देईल, म्हणून आणखी दोन सांगतो. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात 'केसरी'ने छापावी, पैसे देऊन छापावी, एवढीच मागणी होती. 'केसरी'ने नकार दिला. वर्तमानपत्राचा जाहिरातीवर खर्च निघतो, जाहिरातदार पैसे घेऊन दारात उभा आहे, आणि दार बंद. त्याच्या आधी, अमेरिकेतून परतल्यावर, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला, पुढे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारा माणूस गुंतवणुकीचा सल्ला देतो आहे! मुंबईच्या बाजाराला याहून चांगला सल्लागार कुठे मिळणार होता? सल्ला घेणारे येत होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि यायचे थांबले. धंदा बंद करावा लागला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वाणिज्याचे कॉलेज ते, व्यापाराचे शिक्षण देणारे. तिथल्या काही सहकाऱ्यांनी आक्षेप कशावर घेतला? प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर.

तेव्हा आम्हाला कुणी सांगू नये की बाजाराला जात नसते, बाजार फक्त पैसा ओळखतो. अमेरिकेत गॅरी बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५७ साली असा सिद्धांत मांडला की भेदभाव करणाऱ्या मालकाला तोटा होतो, त्यामुळे स्पर्धेत तो मागे पडेल. मोठ्या विद्वानाचे म्हणणे आहे, नाकारण्याआधी विचार करावा. आम्ही केला. अख्ख्या पेठेचे एकच मत असेल तर तोटा कुणाला होतो? महाडच्या एका दुकानदाराने शिधा विकला असता तर त्याला नफा झाला असता हे खरे. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीची सोयरीक मोडली असती. त्याच्या हिशेबाच्या वहीत ही रक्कम कुठे लिहिलेली नसते, पण ती सगळ्यात मोठी असते.

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आता कुठे जात राहिली आहे, असे विचारणारे आमच्याही घरात आहेत. त्यांच्यासाठी २००७ सालचा अभ्यास. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. एक आडनाव उच्चजातीय, एक दलित, एक नाव मुस्लिम. ५४८ जाहिराती, साडेचार हजारांवर अर्ज. दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज बाजूला ठेवणारा माणूस महाडचा दुकानदार नव्हता. तो पुस्तकातले हेच प्रकरण शिकून, पेपर सोडवून, मनुष्यबळ विभागात बसलेला होता.

इथवर एक बाजू झाली, जातीसाठी नफा सोडण्याची. दुसरी बाजू जातीतून नफा काढण्याची, आणि ती अधिक जवळची आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धागा स्पृश्य विणकऱ्याच्या तोंडाला कसा लागणार? मग आमची माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तो यासाठीच. गिरणीमालकाला यात काही करावे लागत नव्हते. कामगारच एकमेकांना अडवत होते आणि मालकाला स्वस्त हात आयते मिळत होते. हा निर्णय नेमका कुणाचा? मालकाचा, जॉबरचा, की शेजारच्या विणकऱ्याचा?

हाच प्रश्न आम्हाला पळस्प्यात पडतो. फाट्याच्या दोन्ही अंगांना आता गोदामेच गोदामे आहेत. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ ला सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरांची रांग वाढतच गेली. आमच्या वस्तीतली निम्मी पोरे त्या गोदामांत माल चढवतात-उतरवतात, पॅकिंग करतात, रात्रपाळी करतात. कामाला कुणाकडे आहेस असे विचारले की पोरगा एका मोठ्या ब्रँडचे नाव सांगतो. अंगात टी-शर्टही त्याच ब्रँडचा. पण तो ब्रँडचा नोकर नाही. ब्रँडने माल साठवण्याचे काम एका लॉजिस्टिक कंपनीला दिले, तिने माणसे पुरवण्याचे काम एजन्सीला, एजन्सीने ठेकेदाराला, ठेकेदाराने मुकादमाला. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक मुलगा अशाच एका गोदामात माल उतरवताना फळीवरून पडला. पायाचे हाड मोडले. आम्ही तीन ऑफिसे पालथी घातली. कंपनी म्हणाली आमचा माणूस नाही, ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणाला मस्टरवर नाव नाही. गेटपासवर तिसऱ्याच एजन्सीचा शिक्का, त्या एजन्सीचे ऑफिस शोधायला गेलो तर तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान. शेवटी ठेकेदाराने काही हजार रुपये हातावर ठेवले, तेही उपकार केल्यासारखे. पोरगा आजही जिना चढताना कठडा धरतो.

आता पुस्तकातल्या पायऱ्या इथे लावून बघा. पहिली पायरी, निर्णय घेणाऱ्याने नैतिक प्रश्न ओळखावा. निर्णय घेणारा कुठे आहे? त्या पुस्तकात एक टेबल असते, टेबलामागे एक अधिकारी असतो, त्याची रात्रीची झोप उडालेली असते. इथे टेबलच नाही. साखळी अशी बांधली आहे की निर्णय कुणाचाच नसावा. पोराला हेल्मेट नसणे, पीएफ नसणे, मस्टरवर नाव नसणे, यातले काहीही कुणी 'ठरवलेले' नाही. आम्ही म्हणतो, साखळी बांधणे हाच तो निर्णय. तो वर कुठेतरी वातानुकूलित खोलीत झाला, खर्च कमी करण्याचा उपाय म्हणून त्याला शाबासकी मिळाली, आणि त्याची केस-स्टडी झाली तर ती यशाच्या प्रकरणात जाईल. कायद्याला हे कळत नाही असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तत्त्व घालून दिले होते की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा. पण मूळ मालक कोण हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागद नसावा म्हणून तर चार टप्पे.

गटारात उतरणाऱ्या माणसाचे हेच. २०१३ चा कायदा आहे, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मृत्यूला दहा लाखांची भरपाई होती ती २०२३ च्या निकालाने तीस लाख झाली. तरी माणसे उतरतात आणि मरतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर येते, ठेकेदाराचा माणूस होता. तो कोणत्या जातीचा होता हे विचारावे लागत नाही, आणि तेच पुस्तकात लिहिलेले नाही.

का लिहिलेले नाही, याचे उत्तर निर्णय घेणाऱ्यांकडे बघितले की मिळते. २०१२ साली देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ हजारांवर संचालक. त्यांतले जवळपास ९३ टक्के सवर्ण, त्यातही बहुतेक सगळे दोनच वर्णांतले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. याला गुणवत्ता म्हणतात! ज्या टेबलाभोवती सगळे एकाच आळीतले बसलेत, त्या टेबलावर जातीचा प्रश्न 'नैतिक प्रश्न' म्हणून ओळखला जाणार तरी कसा? माशाला पाणी दिसत नाही.

आणि दिसू नये याची व्यवस्थाही आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांनी आता दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा आणि पर्यावरणाचा सविस्तर अहवाल सेबीच्या नमुन्यात द्यायचा असतो. आमच्या एमबीएवाल्या मुलीने एका मोठ्या कंपनीचा असा अहवाल मोबाईलवर उघडून मंडळाला दाखवला. किती पाणी वापरले, किती कचरा झाला, महिला कर्मचारी किती, दिव्यांग किती, सगळ्याचे रकाने. जातीचा रकाना कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात नाही. अमेरिकेत शंभराहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला वंशनिहाय आकडे सरकारला द्यावे लागतात. इथे कंपनी कार्बन मोजते, जात मोजत नाही. आम्ही तरुणांना सांगू, ज्या कुणाला व्यवसायनीतीवर प्रबंध लिहायचा असेल त्याने या न दिसणाऱ्या रकान्यावर लिहावा. आणि दुसरे एक कलम त्याने पहिल्या प्रकरणात घालावे: अट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या केली आहे. व्यवहार करायला, कामावर ठेवायला, धंदा करायला नकार देणे त्यात येते. महाडचा तो दुकानदार आज गुन्हेगार ठरला असता. या कलमाखेरीज भारतात व्यवसायनीती शिकवणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचून खाडीत उडी मारणे.

दानाबद्दल थोडे बोलतो, कारण आमची माणसे इथे हमखास फसतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगितली. शाळेला संगणक येतात, गावाला पाण्याची टाकी येते, फीत कापली जाते. नफा कसा झाला हे मात्र कुणी विचारत नाही. पनवेलकरांना तर हा धडा घरबसल्या मिळाला आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. त्याआधी जूनमध्ये बँकेच्या माजी अध्यक्षांना, जे माजी आमदारही होते, ईडीने अटक केली. आरोप असा की ६३ बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींवर रक्कम काढून ट्रस्टकडे आणि क्रीडा अकादमीकडे वळवली गेली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील, आम्ही न्यायाधीश नाही. आमचा मुद्दा आमच्याबद्दल आहे. मैदाने, शाळा, संस्था डोळ्यांपुढे उभ्या राहत असताना तालुक्यात कुणी उभे राहून विचारले का, की पैसा कुठून येतो? पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते म्हणून बहुसंख्य लहान ठेवीदार वाचले. पण पासबुक हातात घेऊन रांगेत उभे राहायचे ते दिवस ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना देणगीच्या पाट्या आठवून काय वाटले असेल?

आता सगळ्यात अवघड भाग. आतापर्यंत आम्ही दुसऱ्यांबद्दल लिहिले, टाळ्या मिळतील असे लिहिले. पुढचे वाचून आमच्यातले काही जण रागावतील.

आमच्या वस्तीतला एक मुलगा लेबर कॉन्ट्रॅक्टर झाला आहे. हुशार, मेहनती. बारा वर्षांपूर्वी स्वतः हमाली करत होता, आज तीन गोदामांत माणसे पुरवतो. आमच्या मुलांना तोच कामाला लावतो. केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के राखीव आहेत, त्यातून काही मिळते का हेही तो बघतो आहे, आणि त्यात काहीच गैर नाही. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, हे आपण गेली वीस वर्षे ऐकतो आहोत. तो झाला. पण त्याच्या कामगारांपैकी दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मंडळात आल्या तेव्हा हिशेब बसेना. पीएफचा कामगाराचा हिस्सा पगारातून कापलेला, आणि मालकाचा हिस्साही पगारातूनच कापलेला. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा तो साध्या दराने. तो म्हणतो, एवढ्या कमी दराने टेंडर घ्यावे लागते, वरून पिळतात, मी काय घरून घालू?

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. वरून पिळतात हे आम्हीच वर लिहिले. पण मंडळात जो वाद झाला तो या अर्ध्या सत्यावर नव्हे, दुसऱ्याच गोष्टीवर. गेल्या वर्षीच्या भीमजयंतीला सगळ्यात मोठी देणगी त्याची होती. मांडव, लाइट, जेवण. आम्ही घेतली. पावती फाडली, व्यासपीठावर शाल घातली, भाषणात 'समाजाचे भूषण' म्हटले. ज्या पोरांच्या पगारातून दोन्ही हिस्से कापले गेले ती पोरे खाली ताटे वाढत होती. म्हणजे कर्नाळ्याबद्दल पनवेलकरांना जो प्रश्न आम्ही विचारतो तो आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळून म्हणाले, "शेकडो वर्षांत आपला एक माणूस वर आला तर तुम्ही त्याचेच पाय ओढता? बाकीचे ठेकेदार काय धुतल्या तांदळाचे आहेत?" त्यांचा राग खोटा नाही. चळवळीत त्यांनी डोकी फोडून घेतली आहेत, आम्ही पुस्तके वाचतो. दुसऱ्यांचे ठेकेदार याहून वाईट करतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, हेही खरे. पण फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, तेव्हा ब्राह्मणशाही म्हणजे काय हेही सांगितले होते. ती एका जातीची मालमत्ता नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणे म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत शिरलेली आहे. सर्व वर्गांत म्हणजे आपल्यातही. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ साली त्यांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे करायला सांगितले, ते खासगी मालकाची हुकूमशाही ओळखून. मालकाची जात बदलली की हुकूमशाही संपते असे त्यात कुठेही नाही.

आणि आपण तर बौद्ध आहोत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. त्यात मालक आणि नोकर यांच्यासाठीचा विनय दिला आहे, तो सिगालाला केलेल्या उपदेशातला. मालकाने नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे आहे, आणि त्यातल्या पाच गोष्टींपैकी गोदामात एकही पाळली जात नाही. वंदना म्हणताना अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका आपण म्हणून टाकतो. एमबीएवाल्या मुलीने तो उतारा दोनदा वाचला आणि म्हणाली, "हे पेपरमध्ये लिहिलं तर मार्क देतील का?" आम्ही म्हटले, लिही. देतील न देतील.

मग तिनेच पुस्तकातल्या पायऱ्या फळ्यावर लिहिल्या आणि आमच्या प्रश्नाला लावल्या. हितसंबंध कुणाकुणाचे? ठेकेदार, त्याचे बावीस कामगार, त्यांतले पंधरा आपल्या वस्तीतले, त्यांची घरे, मंडळ, जयंतीला येणारी मुले. पर्याय कोणते? देणगी घ्यायची आणि गप्प बसायचे. देणगी नाकारायची आणि संबंध तोडायचे. किंवा तिसरा. परिणाम लिहिताना फळा भरला. संबंध तोडले तर पंधरा जणांचे काम जाण्याची भीती आहे, हे त्या कामगारांपैकीच एकाने उठून सांगितले. हात जोडून म्हणाला, "माझं नाव घेऊ नका, पण चिठ्ठी बरोबर करायला लावा." आमच्या भाषणांपेक्षा त्या एका वाक्यावर मंडळ जास्त वेळ बोलले.

ठरले ते असे. त्याला बोलवायचे, चारचौघांत अपमान न करता, विहारात. मस्टर आणि पीएफची चलने घेऊन यायला सांगायचे. मालकाचा हिस्सा मालकाने भरायचा आणि मागचे कापलेले परत करायचे, हप्त्याने केले तरी चालेल. गोदामाकडून दर वाढवून घ्यायला मंडळ त्याच्या बाजूने उभे राहील, बावीस कामगारांना घेऊन उभे राहील, लेबर ऑफिसला जावे लागले तरी. तोवर त्याच्या नावाची पावती फाडायची नाही. मतदान झाले, सात विरुद्ध तीन. ते ज्येष्ठ कार्यकर्ते तिघांत होते, पण निरोप घेऊन त्याच्याकडे जायला तेच तयार झाले.

जयंतीचा खर्च गेल्या वर्षीइतका होणार नाही हे उघड आहे. डीजे नाही, मांडव लहान. दहा-दहा रुपयांची पावती पुस्तके आम्ही छापून घेतली आहेत. निरोप पोचला त्याला दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी तो आला नाही. काल त्याचा फोन आला, मस्टर आणतो म्हणाला, चलनांचे काही बोलला नाही.